नाव नसलेले चौकोन

त्यांनी विश्वासाने माझ्याकडे ठेवलेली फ्लॉपी मी उघडून पाहिली. उघडू नका असं त्यांनी सांगितलं होतं, तरी पाहिली. पाहून गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण जे दिसलं त्याचा मी माझ्या मनाने अर्थ लावला आणि तो अर्थ जाऊन आत्याला सांगितला. त्यामुळे एका बाईचं गाव सुटलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटी लिहायचं ठेवलं तर मधल्या मजकुरात मी स्वतःला थोडं थोडं माफ करत जाईन. तशी सवय आहे मला.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. गावाचंही नाही. हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला ते आहे, एवढं पुरे. नाव न लिहिणं ही त्यांच्याकडून मी शिकलेली गोष्ट आहे, आणि ती फार उशिरा शिकलो.

तेव्हा सेलूला माझा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली, तीन कॉम्प्युटर आणि त्यांच्यावर आईने शिवून दिलेली फुलाफुलांची झाकणं. चपला बाहेर काढून आत यायचं. धुळीने मशीन बिघडतं असा माझा पक्का समज होता. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला तर काढल्याच, पण पँटच्या पायांना लावलेल्या सायकलच्या क्लिपाही काढून खिशात ठेवल्या, पायऱ्यांवर पाय झटकले आणि मग दारातूनच विचारलं, "मास्तर, तुमच्या मशीनवर चौकोन काढता येते का?"

मी पंचविशीचा, ते पन्नाशीचे. तरी पहिल्या दिवसापासून मी मास्तर.

"चौकोन? कसले चौकोन, काका?"

"एकाले लागून एक. अन् त्यात रंग भरता आला पाह्यजे. अन् भरलेला रंग मंग बदलता आला पाह्यजे. बाकी मले काईच शिकाचं नाई."

लोक माझ्याकडे नोकरी लागावी म्हणून यायचे. चौकोन काढायला आलेला हा पहिलाच. मी त्यांना पेंट उघडून दिलं. शिफ्टचं बटण दाबून धरलं की रेघ सरळ येते हे दाखवलं, रंगाची बादली दाखवली. ते दर गुरुवारी दुपारी यायचे, भिंतीकडचं मशीन धरायचे, खुर्ची अशी लावायचे की पडदा त्यांच्या पाठीआड जाईल. खाकी पिशवी कधी खाली ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसायचे, लहान मूल घ्यावं तशी.

त्यांची रीत वेगळीच होती. लाकडी फूटपट्टी सोबत आणायचे आणि काचेला लावून रेघ तपासायचे. मी म्हटलं, "काका, मशीनची रेघ वाकडी येत नाही." तर म्हणाले, "मशीनची नाई येत. माह्या हाताची येते ना." एकदा मला राहवलं नाही म्हणून मी त्यांना एक चौकोन उचलून त्याच्या नकला कशा चिकटवायच्या ते शिकवायला गेलो. दोन मिनिटांत सगळी जाळी तयार होते. त्यांनी नीट पाहून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक चौकोन हाताने काढायला लागले.

"आता दाखवलं ना तुम्हाला?"

"दाखवलं. पन हे सारखे दिसते, मास्तर. सारखे नसतात."

मला हे खटकलं. जो माणूस सोपा रस्ता दाखवूनही अवघड रस्त्याने जातो, तो काहीतरी लपवतो, असं मला तेव्हा वाटायचं. 

रंग भरण्याआधी तर ते फारच वेळ खायचे. चित्र आठपट मोठं करायचे आणि प्रत्येक कोपऱ्याचा सांधा बघत बसायचे. कुठे एखादा ठिपका सुटलाय का. पेंटमध्ये रेघेत एवढीशी फट राहिली की त्या चौकोनात ओतलेला रंग फटीतून शेजारच्या चौकोनात जातो. पहिल्याच महिन्यात त्यांच्या हातून तसं झालं. एका चौकोनात लाल ओतला आणि अख्खी ओळ लाल झाली. ते ताडकन उठून उभे राहिले. मी धावलो, एक बटण दाबून रंग मागे घेतला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"एक ठिपका मोकळा राह्यला का रंग साऱ्या गावात जाते," ते पुटपुटले.

"कुठल्या गावात, काका?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "गाव म्हनलं का मी? चित्रात म्हनाचं होतं."

त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढे मी त्यांना शिकवलं काहीच नाही, पाळत मात्र ठेवली.

आधी मला सट्ट्याचा संशय आला. सट्ट्याचे तक्ते असेच रकान्यांचे असतात. पण तक्त्यात आकडे असतात आणि ह्यांच्या चौकोनांत एक अक्षर नव्हतं. फक्त रंग. लाल थोडे, हिरवे थोडे, एखादा निळा, बाकी सगळे पांढरे. "काका, खाली कुठला रंग कशाचा ते लिहून ठेवत जा," मी एकदा गोड आवाजात म्हटलं. ते हसले. "याले नाव नसते मास्तर. नाव लिहिलं का बिघडलं." अधूनमधून एखादा लाल चौकोन ते पांढरा करायचे. त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात फुटाणे असायचे. माझ्या हातावर मूठभर ओतून म्हणायचे, "घ्या, मास्तर. एक पांढरा झाला." एवढा आनंद कशाचा, हे मी विचारलं नाही. फुटाणे खाल्ले आणि संशयात भर घातली.

खाली कापडाच्या दुकानात एसटीडी फोन होता. एका गुरुवारी ते तिथून बोलत होते आणि मी जिन्यात उभा होतो. त्यांचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. "हो, लाल संपली. हिरवी हायेत दोन. मंगळवारच्या गाडीत टाकून द्या. नाई, नाई, तिथं कोनाले देऊ नका, मी सोता येतो घ्याले."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आमच्याकडे वाढलेल्या माणसाला ह्या चार वाक्यांचा अर्थ सांगावा लागत नाही, असं मला वाटलं. माल गाडीने येतो, घराघरात पोचतो, कुठल्या घरी काय पोचलं ते चौकोनात रंगतं. सगळं जुळलं. जुळलं ह्याचा मला आनंदच झाला, हेही लिहायला हवं.

त्यात माझी आत्या. ती त्या हिंगणीपुढच्या गावात दिलेली. तिचे यजमान दारूनेच गेले, तिच्या डोळ्यांदेखत, दोन वर्षं झिजून. त्यानंतर तिने गावातल्या बायांचं मंडळ उभं केलं. मोहाची दारू कुठे गाळली जाते असा नुसता वास आला तरी बाया काठ्या घेऊन निघायच्या आणि मडकी फोडून यायच्या. पोलीस तिला वचकून असत. दिवाळीला मी गेलो तेव्हा तिने सहज विषय काढला.

"आमच्या गावात एक येडपट येते, तुह्या सेलूकडूनच. मलेरियावाला म्हनते सोताले. सायकलवर येते अन् एक घर सोडत नाई. रांजनात डोकावते, मंग बसते. अन् बसून घड्याळ पाह्यते!"

"घड्याळ काऊन?"

"काय मालूम! सात मिनिटं बसते. मी मोजलं ना. माह्या घरी सात, पाटलाच्या घरी सात, दूधवालीच्या घरी सात. च्या देल्ला तं पेते, नाई देल्ला तं तसाच बसते. अन् सात झाले का उठलाच. अशे डास पाह्यतेत का कोनी?"

"खांद्याला खाकी पिशवी असते?"

"हो. तुले कसं ठाऊक?"

सेलूत कधीतरी पाहिलं असेल, असं म्हणून मी विषय बदलला. परतीच्या एसटीत मात्र मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

फ्लॉपी त्यानंतर महिन्याभराने माझ्या हातात आली. ती नेहमी त्यांच्याजवळच असायची, साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत, रुमालात गुंडाळलेली. त्या गुरुवारी ती नीट चालेना, कुरकुर आवाज करायला लागली. त्यांनी नवी कोरी फ्लॉपी पिशवीतून काढली.

"मास्तर, हे याच्यावर उतरवून ठेवजा. मले सायकल ठेवून साडेचारची गाडी धराची हाये, थांबता नाई येत." मग दारातून परत फिरले. "उघडू मात्र नका. उघडाचं काम नाई, नुसतं उतरवा."

"नाही उघडत, काका."

त्यांची सायकल वळणापलीकडे गेली असेल नसेल, मी उघडली.

आत चार-पाच चित्रं होती. त्यांतल्या एकावर नजर अडकली. पडदाभर जाळी. एका ओळीत दोन चौकोन गाळलेले. दुसऱ्या टोकाला एक मोठी मोकळी जागा. वरच्या कोपऱ्यात एक तिरपी गल्ली. आधी काही कळेना. मग एकदम कळलं. गाळलेले दोन चौकोन म्हणजे मारुतीचा पार. मोकळी जागा म्हणजे बुद्धविहाराचं अंगण. तिरपी गल्ली आत्याची. मी पारापासून बोट ठेवत मोजलं. आत्याचं घर पांढरं होतं. तिच्या ओळीत, पारापासून चौथं घर लाल. आणखी दोन लाल घरं खालच्या आळीत.

रविवारी मी गावात होतो. आत्याला मी एकच घर सांगितलं, कारण तेवढं एकच मला खात्रीने मोजता आलं होतं. "पारापासून चौथं."

"दूधवाली?" आत्या दचकली. "अरे, सकायचा च्या तिच्याच दुधाचा पेलास तू."

"आत्या, मी डोळ्यांनी पाहिलंय."

दूधवाली म्हणजे चाळिशीची एकटी बाई. दोन गाई आणि त्यांच्या दुधावर तिचं सगळं. अर्ध्या गावाचा चहा तिच्या चरवीतून जायचा. आठ बाया तिच्या दारात गेल्या तेव्हा ती गोठ्यात होती. हात पुसत आली. आत्याने सरळ विचारलं, "दारू कुठी हाये?"

ती आधी हसली. "दारू? माह्या घरी? मामी, तुमाले कोनं सांगतलं?"

मी रस्त्यावर उभा होतो, लिंबाच्या झाडाखाली. तिने माझ्याकडे पाहिलं असावं.

बाया आत शिरल्या. चुलीमागे पाहिलं, लाकडं उलथी केली, सरपणात काठ्या घातल्या. वास नाही, मडकं नाही. मग कोणीतरी धान्याच्या कोठीत हात घातला आणि तळातून बिस्किटाचा एक डबा वर काढला. तेव्हा ती बाई पहिल्यांदा ओरडली. "तो नका उघडू! मामी, पाया पडतो, तो नका उघडू!"

आता डबा न उघडणं शक्यच नव्हतं. अंगणात आणून आत्याने त्याचं झाकण काढलं. आत गोळ्यांची चपटी पाकिटं होती. चंदेरी आणि लाल. दोन भरलेली, बाकीची रिकामी, तरी नीट रचून ठेवलेली.

बायांपैकी एकीच्या माहेरी कोणाला तरी तो आजार होऊन गेला होता. ती पुढे वाकली, पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "ह्या तं त्या रोगाच्या गोया होत," ती म्हणाली. "महारोगाच्या."

आत्याने डबा खाली ठेवला. तिच्याइतकी धीट बाई मी दुसरी पाहिली नाही. ती नवऱ्याच्या प्रेतापाशी रडली नव्हती. पण डबा खाली ठेवल्यावर तिने दोन्ही हात पदराला पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. समोर ती बाई उभी होती आणि ते पुसणं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात दुधाला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती धार काढायची आणि दूध वासरांपुढे ठेवायची, असं आत्यानेच नंतर सांगितलं, खाली मान घालून. महिन्याच्या आत तिने गाई विकल्या आणि घराला कुलूप लावलं.

पुढच्या गुरुवारी ते आले. नेहमीसारखे पाय झटकले, क्लिपा काढल्या. मी नवी फ्लॉपी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"बाकी दोघायचं कोनाले सांगतलं?"

"कोणाला नाही, काका. खरंच नाही. एकच घर..."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी श्वास सोडला आणि ते मशीनपुढे बसले. माझ्याकडे न पाहता, पिशवी मांडीवर घेऊन, त्यांनी मला सगळं सांगितलं. ते कुष्ठरोगाचं काम करत. पाकिटं दोन प्रकारची. आजार जास्त असला तर लाल, कमी असला तर हिरवी. लहान मुलांची निराळ्या रंगाची. औषध सुरू झालं की लागण होत नाही, औषध पुरं झालं की माणूस बरा. "शेजाऱ्याच्या दुधाले काईच धोका नव्हता, मास्तर. पन हे तुमाले मी कसं सांगू? अन् तुम्ही गावाले कसं सांगसान?" पूर्वी ते हा नकाशा चौकटीच्या कागदावर खडूने काढायचे. एकदा एसटीत शेजारच्याने डोकावून पाहिलं, तेव्हापासून त्यांना कागदाची भीती बसली. कॉम्प्युटर म्हणजे कुलूप, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

त्यानंतर त्यांनी सगळे रंग बदलले. लालाचा जांभळा, हिरव्याचा पिवळा, पांढऱ्याचाही राखाडी. प्रत्येक चौकोन मोठा करून, सांधे बघून. दोन तास लागले. पारापासून चौथ्या घराशी आले तेव्हा त्यांचा हात थांबला. "दोनच पाकिटं राह्यली होती तिची," ते म्हणाले. "मी फुटाने घेऊन ठेवले होते."

उठताना त्यांनी दोन्ही फ्लॉप्या डबीत घातल्या. मी दारात आडवा उभा राहिलो. काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. "काका, तुम्ही मला आधीच सांगितलं असतं तर..."

"तुम्ही इचारलं असतं तरी मी सांगतलं नसतं," ते म्हणाले. "पन मास्तर, तुम्ही तं इचारलं बी नाई."

पुन्हा ते क्लासमध्ये आले नाहीत.

सात मिनिटांचा उलगडा मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी झाला, एकट्यानेच. एखाद्याच घरी बसलं असतं तर ते घर कळलं असतं. म्हणून सगळ्यांच्या घरी बसायचं. गोळी डोळ्यांसमोर गिळवून घ्यायला, पायाला जखम आहे का पाहायला आणि दोन शब्द बोलायला सात मिनिटं लागत असतील. म्हणून ज्या घरी काहीच नाही तिथेही सात. तीन घरांसाठी तो माणूस गावभर रांजणात डोकावत होता आणि वेडपट म्हणवून घेत होता.

पुढे क्लास बंद पडला. मला वर्ध्याला एका कॉलेजच्या कार्यालयात काम मिळालं, लग्न झालं, मुलगी झाली. आत्या वारली. मरेपर्यंत तिने पुन्हा कुणाच्या घराची झडती घेतली नाही, आणि आम्ही दोघं त्या रविवारबद्दल कधी बोललो नाही. ते निवृत्त होऊन वर्ध्यातच राहतात असं मला समजलं, तरी त्यांच्या दारात जायला मला वर्षं लागली. गेलो तेव्हा ते अंगणात खाटेवर बसले होते. डोळे अधू झाले होते, पण आवाजावरून ओळखलं. "मास्तर!"

मी वाकून पाय धरले आणि माफी मागितली. त्यांनी मला उठवलं.

"मले काऊन मागता? माह्यं घर थोडीच होतं ते."

"मग मला तिचा पत्ता द्या, काका."

"तो तं मी देनार नाई." ते इतक्या पटकन बोलले की मला त्या अवस्थेतही हसू आलं. "तिले इचारतो. हो म्हनाली तं कळवतो."

अडीच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं. "जाम. चौकातली तिसरी टपरी. चहा चांगला असते." नाव नाही, सही नाही, बाकी एक शब्द नाही. कार्ड कोणीही वाचलं असतं तरी काही कळलं नसतं.

रविवारीच गेलो. जामच्या चौकात गाड्यांची गर्दी असते. टपरीपुढे ट्रकवाले, एसटीतून उतरलेले लोक, सगळे कप हातात घेऊन उभे. ती भांड्यात वरून दूध ओतत होती. केस पांढरे झाले होते. अंग भरलं होतं. सगळे तिच्या हातचा चहा पीत होते आणि मी तो पाहत कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मग पुढे झालो.

"ताई, मी सेलूचा. तुमच्या गावात, त्या दिवशी..."

"च्या घ्या आधी," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. आणि मग अगदी हळू, "गिऱ्हाईक हायेत."

इतकी वर्षं थांबून मी तिथेही, चारचौघांत, पुन्हा तेच करायला निघालो होतो. मी बाकावर बसलो. चहा घेतला. दुसराही घेतला. चंद्रपूरची गाडी आली, हॉर्न वाजला आणि चहा पिणारे सगळे तिकडे धावले. टपरीशी आम्ही दोघंच उरलो.

ती कप विसळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मंग? सापडली का दारू?"

"नाई सापडली, ताई," मी म्हणालो. "तुमचं घर मीच दाखवलं होतं. काई न इचारता दाखवलं. माह्यं चुकलं. मले माफ करा."